गिरजाबाईची बोडी

गोंडपिपरीकडची गिरजाबाई इंग्रजीत दोनदा नापास झाली, आणि दोन्ही खेपेला तिला बुडवलं ते निबंधानं. ढिवराची लेक, भरल्या नदीत डोंगा हाकणारी. पाण्यानं तिला कधी बुडवलं नव्हतं. सातवी शिकून ती गावच्या शाळेत तात्पुरती मास्तरीण झाली होती. पोरं तिच्यावर जीव टाकत. पण औंदा मॅट्रिक झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाईल, असा कागद चांद्याहून आला होता.

म्हणून शाळा सुटली की ती म्हाताऱ्या नानाजी मास्तरांच्या ओसरीवर शिकायला जाई. मास्तरांना घोकंपट्टीचा भारी राग. गाइडातला मुंबईच्या राणीच्या बागेवरचा निबंध तिनं धडाधड म्हणून दाखवला, तेव्हा ते उखडलेच.

"तुमी पाह्यली काय थे बाग?"

"नाई जी."

"मंग लिहता काऊन? जे पाह्यलं थे लिहा."

गिरजाबाईनं मनावर घेतलं. दोन दिवस डिक्शनरी चाळून तिनं पानभर इंग्रजी लिहून आणलं. मास्तर वाचू लागले आणि त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. आमच्या घरामागे एक बॉडी आहे. ती माझ्या आजोबांनी केली. पावसाळ्यात बॉडी फुगते. मग आम्ही बॉडी फोडून धानाला पाणी देतो. उन्हाळ्यात बॉडीतले मासे काढून पाहुण्यांना वाढतो.

"गिरजाबाई," मास्तर हळूच म्हणाले, "मुडदा कोनाचा हाये हा?"

"मुडदा कायचा, मास्तर? आपली बोडी नाई काय! शेतातली लहान तळी. डिक्शनरीत पाह्यलं तं तसाच शब्द, अर्थ काई वाचला नाई. मले वाटलं, इंग्रजानं आपलाच नेला."

मास्तर असे हसले की ओसरीवरच्या कोंबड्या अंगणात पळाल्या. गिरजाबाईला मात्र रडू फुटलं. एवढी मेहनत केली आणि हसूच झालं!

मास्तरांचं हसू थांबलं. "शब्द चुकला, बाई, निबंध नाई चुकला. बोडीले बोडीच म्हना. इंग्रजाले ठाऊक नसंल तं त्याले समजावून सांगा. मास्तरीन हाये ना तुमी?"

हे तिला येत होतं. रोज चाळीस पोरांना ती दुसरं काय करत होती!

चांद्याला परीक्षेत नेमका विषय आला, 'माझ्या परिचयाची एक जागा'. तिनं लिहिलं, आमच्याकडे शेतातल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. कृपा करून बॉडी वाचू नये. पुढचं पान कसं भरलं तिला कळलंही नाही.

निकाल लागला त्या दिवशी तिचा बाप, इस्तारी, आटत आलेल्या बोडीत गुडघाभर पाण्यात जाळं घेऊन उभा होता. "बा, पास झाली मी! नोकरी राह्यली!" ती बांधावरूनच ओरडली.

"कायच्यावर लिहलं होतं वं?"

"तू उभा हायेस, त्याच्यावर."

इस्तारीनं खाली पाहिलं. मग जाळं काठावर टाकलं आणि त्या गढूळ पाण्याला हात जोडले.