तिकडचे नाना

नानांचं कुठलंही वाक्य 'तिकडे' या शब्दाने सुरू व्हायचं. सिडनीला मुलाकडे दीड महिना राहून आले आणि लालबागच्या आमच्या चाळीतला, औषधांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा हा साधासुधा माणूस एकदम परराष्ट्राचा वकील झाला. करी रोडहून ठाण्याला जाणाऱ्या स्लो गाडीत नाना, सावंत आणि मी, असे आम्ही तिघे वर्षानुवर्षं एकत्र. तिघांतला एक जण परदेश बघून आला की उरलेल्या दोघांचे काय हाल होतात, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तिकडे गाडीला दोन मजले. तिकडे दारं आपोआप मिटतात. तिकडे आधी उतरणाऱ्याला उतरू देतात. हे शेवटचं नाना सांगायचे ते उतरणाऱ्या माणसाच्या काखेखालून स्वतः आत शिरून झाल्यावर. तिकडे म्हणे एक अख्खा डबा शांततेसाठी राखून ठेवलेला असतो, तिथे कुणी ब्र काढत नाही. ही शांतता त्यांनी अशा आवाजात वर्णन केली, की पलीकडच्या टोकाला झोपलेला एक गृहस्थ दचकून उठला आणि घाटकोपर आलं समजून दाराकडे धावला.

त्यांचं सगळ्यात लाडकं कौतुक होतं तिकडच्या सीटच्या पाठीचं. ती नुसती ढकलली की उलटी होते. वाटलं तर गाडीच्या दिशेने तोंड करा, वाटलं तर समोरासमोर बसा. हे आम्ही इतक्यांदा ऐकलं, की शेवटी सावंत वैतागला. मालवणी माणूस, सरळ विचारता झाला, "नानानू, आमची तोंडां बघून कंटाळलात काय?"

खरं तर आमच्या डब्यात जागा मिळवण्याच्या शास्त्रात नानांचा हात धरणारा कुणी नव्हता. बसलेल्याला 'कुठे?' एवढंच विचारायचं. तो 'कुर्ला' म्हणाला, की कुर्ल्यापासून ती जागा तुमची. याला म्हणतात जागा सांगून ठेवणं. कागद नाही, सही नाही, पण सांगून ठेवलेली जागा दुसरा कुणी घेत नाही. नाना तर तोंडही उघडत नसत. नुसती हनुवटी वर करायचे आणि समोरचा निमूटपणे स्टेशन सांगायचा. कुर्ला यायच्या आत ते स्वतः बसलेले असत आणि आम्हा दोघांची सोय लावून मोकळे झालेले असत.

सिडनीहून आल्यावर मात्र त्यांना हे शास्त्र मागासलेलं वाटू लागलं. एकदा सावंताने त्यांच्यासाठी शेजारी पिशवी ठेवून जागा धरली होती. नानांनी ती पिशवी उचलून सावंताच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "तिकडे कुणी पिशवी ठेवून जागा अडवत नाही, सावंत." हे प्रवचन संपेपर्यंत एक आडदांड गृहस्थ त्या जागेवर बसले ते थेट ठाण्याला उठले. नाना उभ्यानेच सुधारलेले राहिले. रोज तिघांसाठी आणायचा ते शेंगदाणे सावंताने त्या दिवशी एकट्याने खाल्ले.

नाना निवृत्त झाले आणि त्यांचा मुलगा मंदार त्यांना कायमचं न्यायला आला. वहिनी जाऊन दोन वर्षं झाली होती. खोलीत नाना एकटेच. चहा पिताना मी मंदारला म्हटलं, की बाबांनी तिकडचं सांगून सांगून आमचे कान किटवले. तो हसतच सुटला. म्हणाला, "तिकडचं? अहो काका, तिकडे बाबा दिवसभर 'आमच्याकडे, आमच्याकडे' करायचे. अर्ध्या रिकाम्या डब्यात खिडकीशी बसलेल्या एका बाईला विचारलं, कुठे उतरणार म्हणून. ती बिचारी घाबरून खालच्या मजल्यावर निघून गेली. आणि बाबा मला सांगतात, बघ, मिळाली जागा."

मी पोट धरून हसलो. नाना मात्र बशीतला चहा संपवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेलो आणि विचारलं, मग आम्हाला का छळलंत? ते खालच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "ही गेल्यापासून मंदार रोज फोन करतो, या म्हणतो. एकुलता एक आहे रे. जायचं तर आहेच. मग रोज थोडं थोडं चांगलं बोलून मनाला पटवत होतो. घरी कुणाला सांगणार? तुम्ही दोघं होतात ऐकायला."

इतके दिवस आम्ही ज्याला बढाई समजत होतो, ती त्या माणसाची जायची तयारी होती. आमच्यासमोर बसून, आम्हाला सोडून जायची.

नाना गेले. महिन्याभराने एका सकाळी आमच्या गाडीच्या वेळेलाच त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार होती. गाडीच्या वरच्या मजल्यावर नाना स्वेटर घालून बसले होते, आणि शांततेच्या डब्यात नसूनही अगदी हळू बोलत होते. बसायला मिळालं का, कुणी सांगून ठेवली जागा, सावंत अजून शेंगदाणे आणतो का, सगळं विचारलं. मी म्हटलं, तुमची मजा आहे, डबा रिकामा दिसतोय.

"हो, सगळ्यांना बसायला मिळतं," नाना म्हणाले. "कुणी कुणाला काही विचारतच नाही." मग त्यांनी फोन फिरवून दाखवला. समोरच्या सीटची पाठ उलटी करून त्यांनी ती आपल्याकडे तोंड करून ठेवली होती. तिच्यावर कुणी नव्हतं. मी रोज अशी फिरवून ठेवतो, म्हणाले.

सावंताने माझ्या हातातून फोन घेतला, नानांसारखीच हनुवटी वर केली, आणि मग म्हणाला, "नानानू, ती सीट माका सांगून ठेवलेली हा."

नानांनी नाक ओढलं, चष्मा सारखा केला. मग मांडीवरची कापडी पिशवी उचलली आणि समोरच्या सीटवर ठेवली.