मार्थामावशींचं सामाईक पान

मार्थामावशी लॅपटॉपच्या पडद्याला "या, बसा" म्हणत. रविवारच्या उपासनेचा क्रम लिहायला आमच्या छोट्या चर्चच्या उपासना समितीचं एक सामाईक ऑनलाइन पान होतं. जो ते उघडी, त्याचा रंगीत कर्सर नावासकट तिथे दिसे. हिरवा कर्सर हलला की मावशी खुर्चीत पुढे सरकत. "सुहास आला गो. लोट्याच्या कंपनीत पाळी सुटली वाटतं." आणि पानावरच टाइप करत, "जेवलास का, बाबा?" एका रविवारी हे वाक्य पुसायचं राहून गेलं. वडील सभासद एलिशाकाकांनी ते शास्त्रपाठाच्या आधी मोठ्या गांभीर्याने वाचलं. मागच्या बाकावरून सुहास म्हणाला, "हो."

सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्यावर मावशी हे सगळं शिकल्या, आणि मग त्यांनी आम्हाला ओढलं.

त्या वर्षी ईस्टरच्या पहाटे आमच्या पाळकसाहेबांना दुसऱ्या गावच्या मंडळीत जावं लागणार होतं. भाट्याच्या किनाऱ्यावरची पहाटेची उपासना माझ्या लहानपणापासून कधी चुकली नव्हती. ती यंदा रद्द करावी, असं काकांचं मत पडलं. "संदेश कोण देणार?"

"डॉक्टर रजेवर गेले म्हणून आम्ही कधी वॉर्डाला कुलूप लावलं नाही, एलिशाभाऊ," मावशी म्हणाल्या. "आपण लिहू. सगळे मिळून."

पुढचा पंधरवडा ते पान गजबजून गेलं. सुहास कंपनीच्या बसमधून लिही, काका एका बोटाने, मी वाचनालयातल्या दुपारच्या सामसुमीत. माझ्या वाक्याशेजारी दुसऱ्याचं वाक्य अक्षराअक्षराने उमटताना दिसे आणि पुस्तकांच्या नोंदी बाजूला सारून मी बघत राही. पुस्तकांत जन्म गेला, पण लिहिणं असं असू शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मावशींच्या घरी जमलो, तर संदेश पंधरा पानांवर गेलेला. येशूच्या कबरेवरची धोंड पाच वेळा सरकली होती. कोणीच कोणाचं काही काढलं नव्हतं.

"काकांचं कसं काढू? वडीलधारे आहेत," सुहास म्हणाला.

"पोराने दमूनभागून लिहिलंय," काका म्हणाले.

"छान," मावशी म्हणाल्या. "मग वाचेपर्यंत ऊन डोक्यावर येईल, आणि पाळकाशिवाय उपासना जमत नाही हे सगळ्यांना पटेल."

मावशींनी आधी स्वतःचाच परिच्छेद काढला, सबंध. तो चांगला होता. आम्ही हळहळलो. "जखमेवरची मेलेली कातडी काढावीच लागते," त्या म्हणाल्या. "त्यात रोग्याचा अपमान नसतो. चल सुहास, काकांची धोंड उचल."

सुहासने डोळे मिटून बटण दाबलं. काका पडद्याकडे बघत राहिले. "बरं दिसतंय," म्हणाले, आणि लगेच त्याच्या तीन ओळी उडवल्या. मग कोणी थांबेना. मावशी हसून हसून डोळे पुसत होत्या. संध्याकाळी दीड पान उरलं. त्यातलं कुठलं वाक्य कोणाचं, हे आम्हालाच सांगता येईना.

पहाटे ते मी वाचलं; वाचनालयाबाहेर जिचा आवाज कोणी ऐकला नव्हता, त्या मी. सुरूच्या झाडांमागून उजेड येऊन कागदावर पडला. सगळ्यांच्या मागे चहाच्या थर्मासजवळ मावशी उभ्या होत्या. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

गेल्या पावसाळ्यात मावशी गेल्या.

यंदा ईस्टरला पाळकसाहेब मोकळे होते. त्यांनी आपला संदेश आमच्या पानावर लिहिला. चांगला होता, पण लांब. आम्ही तिघांनी तो उघडून दोनदा वाचला. शेवटी एलिशाकाकांनीच, एका बोटाने, पहिला परिच्छेद पुसला.

थोड्या वेळाने खाली पाळकसाहेबांची अक्षरं उमटू लागली. "दुसराही काढा. मला तो खटकत होता, पण माझा धीर होत नव्हता."