थ्रू हाय, बोला

इथले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर जेवताना करमणूक म्हणून. बायकोला वाचून दाखवायचो आणि वर म्हणायचो, "या लोकांना झोप कमी पडते." आमचा धंदाच असा आहे की त्यात भुताला जागा नाही. काचेच्या तारेतून प्रकाश पोचला तर लिंक लागते, नाही पोचला तर लागत नाही. मधलं काही नसतं... असं मी काही महिन्यांपूर्वीपर्यंत शपथेवर सांगितलं असतं.

मी मूळचा इस्लामपूरचा. गावोगावी फायबर पोचवणाऱ्या एका ठेकेदाराकडे नेटवर्कचं काम करतो. रहिमतपूरच्या पुढे एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण ती माणसं आजही तिथंच राहतात. तिथल्या ग्रामपंचायतीत मला फायबरचा स्विच बसवायचा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — स्विच म्हणजे रहिमतपुरातून एका केबलवर आलेलं नेट शाळेला, दवाखान्याला, पंचायतीला वाटून देणारा चपटा डबा. भिंतीवरच्या लोखंडी कपाटात तो बसवायचा, अर्थिंग तपासायचं, फायबर जोडायचं, दिवा हिरवा झाला की काम झालं. अर्ध्या दिवसाचं काम.

सकाळी अकराचा सुमार होता. बाहेर लख्ख ऊन. पंचायतीच्या वरच्या खोलीत मी एकटाच होतो. माझा जोडीदार मारुती मला सोडून गाडी घेऊन रहिमतपूरला परत निघाला होता, कारण केबलचं दुसरं टोक तिथल्या ऑफिसात होतं. त्या खोलीत मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून आम्ही टॉक सेट वापरणार होतो. फायबरला चिमट्यासारखी क्लिप लावायची, हेडफोन कानाला, आणि दुसऱ्या टोकाचा माणूस त्याच काचेच्या धाग्यातून आपल्याशी बोलतो. दोन्ही टोकांना सेट लागतो. एक माझ्याकडे, एक मारुतीच्या बॅगेत.

खाली कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या सुनंदाताईंनी चहा वर आणून दिला. पस्तिशीच्या असतील. "सर, आज चालू हुईल का? पोरांचे दाखले आडकल्यात," एवढंच बोलून त्या खाली गेल्या.

स्विच बसवून झाला. मारुती पोचला असेल असं समजून मी क्लिप लावली.

"मारुती, ऐकू येतंय का?"

काहीच नाही. खरखरसुद्धा नाही. मग एकदम स्वच्छ, कानाला ओठ लावल्यासारखा आवाज आला.

"थ्रू हाय, बोला."

मारुतीचा आवाज नव्हता. मला वाटलं, रहिमतपूरच्या ऑफिसातल्या कुणाला तरी त्याने सेट दिला असेल. पण आमच्या लाइनीत 'थ्रू हाय' असं कुणी म्हणत नाही.

"कोण बोलतंय?"

"यशवंत. सुनंदा हाय का तितं? तिला द्या जरा. लय येळ न्हाई."

आवाजात भीतीदायक काही नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. दमलेला, सभ्य माणूस वाटला. गावाकडं सगळे एकमेकांना ओळखतात, असेल नात्यातला. मी जिन्यातून हाक मारली, "ताई, वर या जरा, तुमच्याशी कुणाला तरी बोलायचंय. यशवंत म्हणून आहेत."

त्या वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, घरी काही बरंवाईट झालं असेल. काही न विचारता त्यांनी हेडफोन कानाला लावला.

बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "व्हय." थोड्या वेळानं, "आई बऱ्या हायत. गुडघं दुखत्यात." मग, "न्हाई. समदी म्हनत हुती, मी न्हाई मानलं." मग भिंतीला टेकत टेकत त्या खाली फरशीवर बसल्या. अगदी हळू काहीतरी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. मी खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो. दुसऱ्याचं घरगुती बोलणं... ऐकू नये.

"ठेवला त्यांनी," त्या म्हणाल्या आणि हेडफोन माझ्या हातात देऊन खाली गेल्या. रडत नव्हत्या. मी कानाला लावला तर लाइन मेलेली.

मी गच्चीवर गेलो. रेंज येताच मारुतीचा फोन आला.

"सर, कवापासनं लावतोय. मी अजून पुलापाशीच हाय. रस्त्याच्या कामात जेसीबीनं आपली केबल उचकटलीया. पार दोन तुकडं."

"आत्ता तुटली?"

"न्हाई ओ. डायवर म्हनतोय काल सांजच्याला तुटली. टोकाला चिखल वाळलाय."

"मग रहिमतपुरात सेटवर कोण होतं?"

"कुनाकडं आसंल? सेट माझ्याच बॅगंत हाय. बंद."

मी गच्चीवरून खोलीत येऊन मशिन लावून लाइन तपासली. ते मशिन फायबर किती अंतरावर तुटलंय ते दाखवतं. पूल. गावाच्या बाहेरचाच पूल. त्याच्या पलीकडून माझ्या खोलीत प्रकाशाचा कणही येऊ शकत नव्हता.

एव्हाना खाली माणसं जमली होती. मी उतरताच पंचायतीच्या शिपायानं मला बाजूला घेतलं. "सायेब, ह्ये काय केलंत? यशवंत तिचा नवरा. मिल्ट्रीत सिग्नलला हुता. बर्फात टेलिफोनची लाइन जोडाय गेला, त्यो घावलाच न्हाई. बॉडी न्हाई, काय न्हाई. कैक वर्सं झाली." सासऱ्यांना त्याचे अंत्यविधी करायचे होते, सुनंदाताई करू देत नव्हत्या. त्यावरून घरात सासरा-सुनेचं बोलणं बंद होतं.

तेवढ्यात तेच आले, तात्या. स्वतः माजी सैनिक, ताठ अंगाचे. दोन तरुणांनी माझा रस्ता अडवून धरलेला. मी चेष्टा केली, कुणाकडून तरी नाव काढून त्या बाईचा खेळ केला, असंच सगळ्यांना वाटत होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

तात्यांनी पोरांना मागं सरकवलं. "आवाज तुमी ऐकलासा?"

"हो."

"पयला शब्द काय बोलला? जसा हाय तसा सांगा."

"थ्रू हाय, बोला... असं म्हणाले."

हात लांब करून तात्यांनी ओट्याचा आधार घेतला आणि हळूच बसले. मग पोरांना म्हणाले, "सोडा रं त्यास्नी. सिग्नलमदी लाइन लागली की 'थ्रू' म्हनत्यात; सुट्टीला आला की घरचा फोन बी त्यो आसाच उचलायचा. आमी हसायचो त्याला."

सुनंदाताई दारात उभ्या होत्या. "तात्या," त्यांनी हाक मारली. "त्यांचं करून घिऊया आता."

म्हातारा तोंडावर उपरणं धरून रडला. मी परत वरच्या खोलीत कामाला गेलो. दुसरं काही सुचत नव्हतं.

दुपारनंतर मारुतीनं पुलावर केबल जोडली, लिंक लागली, स्विचचे दिवे सुरू झाले. मी सगळ्या शक्यता तपासल्या. दुसऱ्या कंपनीची केबल त्या गावात नाही. तांब्याच्या तारेत शेजारचं बोलणं मिसळतं तसं काचेत मिसळत नाही. साताऱ्याच्या आमच्या सीनियरना विचारलं तर ते म्हणाले, "उन्हात काम करताना पाणी पीत जा." त्या बाईच्या नवऱ्याचं नाव मला उन्हानं सांगितलं का, हे मी विचारलं नाही.

मारुती आता टॉक सेटला हात लावत नाही. मी लावतो, कामच आहे. पण क्लिप दाबल्यावर "ऐकू येतंय का" म्हणायला माझी जीभ उचलत नाही. मी थांबतो. समोरच्यानं आधी बोलावं म्हणून.

काही महिन्यांनी स्विचचा पॉवर सप्लाय बदलायला त्या गावात परत गेलो होतो. सुनंदाताई कामावर होत्या. विधी झाले होते. तात्या रोज दुपारी सुनेचा डबा घेऊन येतात, असं शिपाई म्हणाला. मला विचारायचं नव्हतं, तरी निघताना विचारलंच — "ताई, त्या दिवशी लाइनवर ते काय म्हणाले होते?"

त्यांनी काम थांबवलं. "समदं न्हाई सांगत," त्या म्हणाल्या. "मी इचारलं, तितं लय थंडी वाजती का. तर म्हनले, आता न्हाई."

मी बारा वर्षं हे काम करतोय. हे कसं झालं ते कुणाला ठाऊक असेल तर खरंच सांगा... फक्त पाणी प्या म्हणू नका.