माइक नसलेला दहावा

काशिनाथदादा गेल्याचं मला वहिनींनीच फोन करून सांगितलं. रात्री जेवून झोपला, सकाळी उठला नाही. दुखणं नाही, दवाखाना नाही... एवढं सांगून त्या म्हणाल्या, "भावजी, दहाव्याला माइक नाय लावायचा. मी ह्यांना शब्द दिलाय. तुमी माझ्या बाजूनं राहा."

हा शब्द पाळणं किती अवघड, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. माझा हा चुलतभाऊ किन्हवलीच्या बाजूला जन्मभर मांडव आणि स्पीकर भाड्यानं देत आला. आमच्याकडे माणसं जमली की त्याला 'प्रोग्राम' म्हणतात. बारसं प्रोग्राम, साखरपुडा प्रोग्राम, पुढाऱ्याचा वाढदिवस प्रोग्राम. शेतावर कोंबडी शिजली आणि पिशवीतून बाटली निघाली, तर तोही प्रोग्राम. निवडणुकीत एखाद्याला पाडायचं ठरलं, तर 'त्याचा प्रोग्राम करू'. त्यामुळे कोणी नुसतं "दादा, रविवारी प्रोग्राम हाय" म्हणालं, की दादा शांतपणे विचारायचा, "हसायचा का रडायचा?" त्याप्रमाणे गाणी काढून ठेवायला बरी. पण हल्ली दहाव्यालाही रडायला कोणाला सवड नसते. नदीकाठी खुर्च्या, बॅनर, आणि कावळ्याची वाट पाहता पाहता श्रद्धांजलीची भाषणं. त्यांत गेलेल्या माणसाचं नाव चुकतं, बोलणाऱ्यांची पदं मात्र एकदाही चुकत नाहीत. ही सगळी भाषणं दादानं शेजारी बसून ऐकली होती. उठून जायची सोय नव्हती.

अडचण आली ती प्रेमामुळे. शहापूर-मुरबाडमधले सगळे मांडववाले घरी आले. दादासाठी सगळ्यात मोठा मांडव आणि सगळ्यात मोठे स्पीकर ते फुकट लावणार होते. दादाचा मुलगा तर ऐकूनच विरघळला. वहिनींनी सगळ्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "या की. पण रिकाम्या हातानं या. लोकांच्या प्रोग्रामात तुमी कदी बसून जेवलात?"

दहाव्याला काळू नदीच्या काठी, करंजाच्या सावलीत, मांडववाले सतरंजीवर पुढेच बसले. हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. तेवढ्यात तालुक्याचे एक पुढारी आले, घसा साफ केला आणि सवयीनं माइक शोधू लागले. वहिनी उठल्या.

"साहेब, माइक नाय. बोलायचं असंल तर बसून बोला."

साहेब बसले. सतरंजीवर मांडी घालून 'उपस्थित मान्यवर' म्हणता येत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. मग हळूच म्हणाले, "माझ्या पहिल्या सभेत मध्येच माइक बंद पडला होता. दादा म्हणाला, वायर जळली."

"वायर नव्हती जळली, साहेब," वहिनी म्हणाल्या. "लोक उपाशी होते."

आधी साहेबच हसले. मग सतरंजी हसली, आणि पदर तोंडाला लावून वहिनीही. मला इतकं हलकं वाटलं, की कावळा कधी शिवला ते पाहायचं राहूनच गेलं.

दादाचा ॲम्प्लिफायर आता मुलगा चालवतो. परवा तो मी जवळून पाहिला. सगळी बटणं ठीक आहेत. एक माइकचं तेवढं जरा जास्तच झिजलंय.