गोफणवालीचा पांढरा घोडा

माझ्या बाला सिनेमाचं वेड लागलंय हे गावात फक्त मला, आईला आणि आमच्या बैलांना ठाऊक होतं. बैलांना अशासाठी, की कळंबहून कर्जतला पेंढ्याची गाडी घेऊन गेलेला बा पेंढा विकून झाला की त्यांना तंबूच्या मागं बांधायचा आणि माझा हात धरून आत शिरायचा. लढाईची वर्षं होती. कापड कंट्रोलचं, रॉकेल कंट्रोलचं, साखरेचं तर नावच काढायचं नाही. पण उन्हाळ्यात नदीकाठी सिनेमाचा तंबू लागायचा तो लागायचाच, आणि त्या साली त्यात गोफणवाली आली होती.

गोफणवाली ही सिनेमातली बंडखोर राजकन्या. डोळ्यांवर काळी पट्टी, हातात गोफण, खाली पांढरा घोडा. दुष्ट सेनापतीचे शिपाई दिसले की ती घोडा न थांबवता गोफण फिरवायची आणि शिपाई पटापट पडायचे. मी नऊ वर्षांची होते आणि शेतावरची पाखरं हाकायला माझ्याही हातात गोफण असायची, त्यामुळं ही बाई माझीच कुणीतरी लागते अशी माझी पक्की समजूत झाली होती. बाचा जीव मात्र घोड्यावर जडला होता. आम्ही तो सिनेमा पाच वेळा पाहिला. दर वेळी आईला सांगायचं की गाडीचं चाक वाजत होतं, वंगणाला थांबलो. पाचव्या खेपेला आई म्हणाली, "येवढं वंगण घातलं, आता गाडी बैलांबिगर चालंल."

लपवाछपवीचं कारण होतं. बा गावचा पंच. बांधावरून वाद झाला, कुणाची म्हैस कुणाच्या वाफ्यात शिरली, की लोक आमच्या ओट्यावर यायचे. त्याच उन्हाळ्यात दोघं भाऊ राबाचं काम, म्हणजे भाताची जमीन भाजायचं काम, अर्धवट टाकून सिनेमाला पळाले होते. बानं त्यांना चारचौघांत झापलं. "तंबूत जाऊन बसनं ही काय मानसाची लक्षनं हायत काय रं?" असं तो म्हणाला तेव्हा मी दाराआड उभी होते. आदल्याच दिवशी आम्ही दोघं त्याच तंबूत शिट्ट्या वाजवून आलो होतो. हे बाहेर फुटलं असतं तर बाच्या शब्दाला गावात कुणी विचारलं नसतं.

आणि मग तंबूवाल्यानं दवंडी पिटली. तंबू उठायच्या आधीच्या रविवारी, दुपारी, सिनेमाच्या शौकिनांचा मेळा. ज्याला जे सोंग घ्यायचंय ते घेऊन या, पण सोंग गोफणवालीच्या सिनेमातलंच हवं. पहिल्या नंबराला तंबूच्या दारावर टांगलेलं, कापडावर रंगवलेलं गोफणवालीचं भलंमोठं चित्र. ते ऐकलं आणि मला दुसरं काही सुचेना. जेवताना मी त्याच चित्राबद्दल बोलायची, झोपेतही बोलायची म्हणे.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी गोठ्यात मला हळूच म्हणाला, "तू गोफणवाली व्हशील. पन घोडा कुठनं आनायचा?"

त्यानं खाकरून इकडंतिकडं पाहिलं. "माजं डोकं आतमंदी असलं म्हंजे कोन वळखतंय?"

"आनि वळखलं तर?"

"सोंगाचं नाव घ्यायचं नसतंय गं."

ते खरंच होतं. आमच्या गावात शिमग्याला सोंगं निघायची, आणि आतला माणूस ओळखू आला तरी त्याचं नाव घ्यायचं नाही असा रिवाज होता. बानं सगळा भरवसा त्या रिवाजावर आणि गोणपाटावर टाकला.

घोडा गोठ्यातच तयार झाला. बांबूच्या कामट्यांचं डोकं, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चुना. वाखाची आयाळ. अंगावर घालायला कापड कुठून आणायचं? तेव्हा पोळ्याला बैलांवर घालायची झूल काढली. तिच्यावर लाल गोंडे होते, घुंगरं होती, आणि बैलाची शिंगं बाहेर काढायला दोन भोकंही होती. पुढचे पाय म्हणून बानं हातात दोन आखूड काठ्या धरल्या, वाकला, आणि आईनं मला दाव्यानं त्याच्या पाठीवर आवळून बांधलं. मग आई दोन पावलं मागं सरली आणि खांबाला धरून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "ह्यो घोडा न्हवं," ती म्हणाली, "ह्यो नवरदेव बैल हाय."

मेळ्यात पाय ठेवला आणि माझं भानच हरपलं. एवढे गोफणवालीवेडे जगात आहेत हे मला ठाऊकच नव्हतं! सात सेनापती होते, सगळ्यांच्या मिशा काजळीच्या आणि घामानं हनुवटीपर्यंत ओघळलेल्या. रेल्वेतला एक दांडगा गडी नऊवारी नेसून गोफणवाली झाला होता आणि मला बघून त्यानं वाकून मुजरा केला. दहिवलीच्या एका म्हाताऱ्यानं सिनेमातल्या अंधारकोठडीचं दार करून आणलं होतं, नुसतं दार, आणि ते पाठीशी धरून तो उन्हात उभा होता. कुणी सिनेमातलं "हवा को कौन बाँधेगा?" असं ओरडलं की शंभर गळे उत्तर द्यायचे, "जिसकी मौत आई हो!" अनोळखी माणसं एकमेकांच्या पाठीत थापा मारत होती. मीही ओरडत होते, घसा बसेपर्यंत. खाली झुलीतून घोडाही ओरडत होता.

गावचे लोकही आले होते. ते दोघे भाऊ पहिल्याच रांगेत. मी खाली वाकून गोणपाटाच्या कानात सांगितलं, तसा घोडा जागच्या जागी थिजला.

"बा, परत जाऊ या काय?"

"गप ऱ्हा," घोडा म्हणाला. "आन मला बा म्हनू नको."

आमची पाळी आली. तंबूवाला मुंबईकडचा, डोक्यावर ऐटीत तिरपी टोपी. त्यानं मडकं बांधलेल्या खांबाकडं बोट केलं: घोड्यावरून गोफणीनं फोडायचं. मी टाच मारली आणि सवयीनं बैलांना हाकतात तशी जिभेनं टक्‌टक् केली. घोडाही बैलासारखाच डुलत निघाला. लोक लोळायचे बाकी राहिले. मी गोफण गरगरा फिरवली, मातीचा गोळा सुटणार एवढ्यात घोड्याच्या नाकात चुना गेला आणि तो असा शिंकला की दाव्यानं बांधलेली मीही गदगदा हलले. गोळ्यानं तंबूवाल्याची टोपी उडवली. "सेनापती मेला!" असा एकच गिल्ला झाला. दुसऱ्या फेरीला मात्र मी मडक्याचा चुराडा केला.

एवढ्यात एका सेनापतीनं हरकत घेतली. सिनेमात घोडा शेवटी लंगडतो, हा का लंगडत नाही? दुसरा म्हणाला, लंगडतो तो डाव्या पायानं. "उजव्या!" असं गोणपाटातून कुणीतरी ठणकावलं. "पयला डावा मुरगळतो, पन नदीनंतर उजव्यानं लंगडतो. डोळे फुटलं हायत काय?"

तो आवाज निकाल द्यायचा आवाज होता. तो आमच्या ओट्यावर अख्ख्या गावानं ऐकलेला होता. मी पहिल्या रांगेकडं पाहिलं. दोघे भाऊ आभाळाकडं बघत होते.

पहिला नंबर आमचा आला. तंबूवाल्यानं दावं सोडून मला खाली उतरवलं, चित्राची गुंडाळी काढली आणि म्हणाला, "लहान मुलीच्या हातात एवढी वस्तू देणार नाही. बरोबर कोण मोठं माणूस आहे? वडील आलेत का?"

चित्र माझ्यापासून हातभर होतं. गोफणवालीचा एक डोळा गुंडाळीतून माझ्याकडं बघत होता. मी घोड्याकडं पाहिलं. घोडा मान खाली घालून उभा होता.

"नाय आले," मी म्हणाले.

"मग तू आलीस कुणाबरोबर?"

"घोड्याबरोबर."

लोक हसले. तंबूवाला नाही हसला. उद्या कुणी येऊन भांडलं तर नको, असं म्हणून तो चित्र परत गुंडाळू लागला. मला रडायचं नव्हतं, गोफणवाली कधी रडत नाही. पण काळी पट्टी भिजली ती भिजलीच. बाचा मला तेव्हा राग आला नव्हता, खोटं कशाला सांगू. उलट आपण त्याला वाचवला याचा अभिमान वाटत होता, आणि तरीही चित्रासाठी जीव तुटत होता.

मागं घुंगरं वाजली. काठ्या खाली पडल्या. घोडा दोन पायांवर सरळ झाला आणि त्यानं दोन्ही हातांनी आपलं डोकं उपसून काढलं. चुन्यानं पांढरं झालेलं तोंड, लाल डोळे, कपाळावर कामट्यांचे वळ.

"बाप आलाय," बा म्हणाला. "मीच तिचा बाप."

मग भावांपैकी थोरला उठला आणि वैतागून म्हणाला, "अवो, डोस्कं कशापायी काडलं? आमी तर सकाळी वेशीत तुमच्या गाडीतनं घोड्याचं डोस्कं दिसलं तवाच वळखलं व्हतं! सारा गाव गप बसला व्हता तुमच्यासाटी, आन तुमीच नाव फोडलं!"

तेव्हा बा हसला. ओट्यावर कधी न हसलेला माझा बा तोंड उघडून, पोट धरून हसला, आणि त्याच्या दाढीवरचा चुना भुरभुर खाली पडला. धाकटा भाऊ कानाला हात लावून म्हणाला, "आता आमाला सिनेमावरनं झापायचं नाय, सांगून ठेवतो." बानं मान डोलावली. गावासमोर दिलेला शब्द होता तो, आणि त्यानं तो पुढं पाळला.

तंबूवाल्यानं चित्र माझ्या हातात दिलं. ते माझ्यापेक्षा उंच होतं, मी त्याला मिठी मारून उभी राहिले. लोक आरडाओरडा करत होते, एक फेरी अजून, एक फेरी अजून. मी चित्र काखेत मारून खाली पडलेलं घोड्याचं डोकं उचललं आणि बाला द्यायला गेले. त्यानं ते माझ्या हातातून घेतलं, अंधारकोठडीचं दार धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडं सांभाळायला दिलं, आणि माझ्यापुढं वाकला.

"बस गं," तो म्हणाला. आणि साऱ्या गावादेखत, उघड्या तोंडानं, बा मला घेऊन उधळला.