श्रावणातली पन्नास अंडी

परभणीच्या बसस्टँडवर आईने माझ्या मांडीवर टोपली ठेवली. टोपलीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं आणि आत करडी कोंबडी. लग्नाला दीड महिना झाला होता. यांना चाकणच्या कंपनीत नोकरी लागली होती आणि भोसरीला एक खोली मिळाली होती. पुढच्या सीटवरचा माणूस वळून वळून नाक मुरडत होता. बस सुटेपर्यंत आई खिडकीचा गज धरून एकच सांगत राहिली, "तिला लगेच अंडं मागू नको, बाई. जागा आपली वाटली की घालील." मी कशी राहीन, याबद्दल चकार शब्द नाही. मला तेव्हा फार राग आला होता.

करडीने खोलीमागच्या शेवग्याखाली महिनाभर अंडं घातलं नाही. मी तरी कुठे धड जेवत होते? यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, शेजारच्या वर्कशॉपचा खडखडाट दिवसभर कानात आणि नळाला पाणी सकाळी पाऊण तास. रोज वाटायचं, बॅग भरावी आणि जावं. मग एका सकाळी विटांच्या आडोशाला एक कोमट अंडं सापडलं. ते गालाला लावून मी रडले. तोवर पालथ्या ताटावर पोळ्या लाटत होते. त्या दिवशी बाजारात जाऊन पोळपाट आणला.

आमच्या घरी अंडं ही खायची वस्तूच नव्हती. आई ती ज्वारीत पुरून ठेवायची आणि कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली उबवायला मांडायची. ताप आला तरच एखादं मिळायचं, त्यातलंही अर्धं धाकट्या बहिणीला. "मोडू नको, पिल्लू व्हईल त्याचं," हे ऐकतच मी मोठी झाले. इथेही मी तेच केलं. मोशीहून एक कोंबडा आणला आणि करडीच्या लेकी झाल्या, नाती झाल्या.

गेल्या उन्हाळ्यात गावात मानमोडी आली. धडधाकट कोंबड्या माना टाकून मेल्या, आईचं खुराडं रिकामं झालं. करडी केव्हाच गेली होती. तिच्या वंशातल्या उरल्या त्या माझ्या शेवग्याखालच्या सात. आई फोनवर म्हणाली, "तुझ्या तेवढ्या जप." आईला मी इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

आणि श्रावण लागला. आमच्या घरमालकीण आक्का भोसरीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. शेत गेलं, त्यावर खोल्या आल्या, पण त्यांचा श्रावण तसाच कडक राहिला. खोली देतानाच त्यांनी बजावलं होतं, "श्रावणात माझ्या घरात अंडं शिजवायचं न्हाई." आम्हीही पाळतोच की. पण हे कोंबड्यांना कोण सांगणार? त्यांचं रोज चार-पाच चालूच. आधी दोन-तीनच कोंबड्या असायच्या, तेव्हा भागायचं. यंदा खुडूक एकच झाली, तिच्याखाली तेरा मावली. बाकीची टोपलीत साठत गेली आणि सगळी चाळ उपासाची. राखीपर्यंत पन्नासच्या वर गेली.

त्यात एका कारटीने तुळशीमागे चोरून अंडी घातली होती. श्रावणी सोमवारी, सोवळ्यात, तुळशीला पाणी घालताना आक्कांचा पाय नेमका त्यांच्यावर पडला. कुजकी अंडी ती! वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. आक्कांनी दुसऱ्यांदा आंघोळ केली आणि माझ्या दारात आल्या. "आवसंपतुर ही अंडी संपव, न्हाईतर कोंबड्या काढ. टोपलीत एक जरी दिसलं तरी मी ऐकायची न्हाई."

गावाकडे धाडाव्या, तर आई म्हणाली, "इकडं नको, खुराडं अजून रोगट हाय." म्हणजे एकच वाट उरली, चिकनवाल्याकडची. अंडी उकिरड्यावर टाकता आली असती, पण त्यासाठी माझा हात उचलेना. मी दारात टोपली घेऊन बसले होते, रडकुंडीला आलेली.

शेजारच्या खोलीतली बिहारची रीना कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "इतना अंडा रखके क्या कर रही हो, दीदी?" मी म्हटलं, सावन है ना. ती हसायला लागली. "हमारा सावन तो राखी को ही खतम हो गया!"

मी टोपली खाली ठेवली. सहा वर्षं शेजार, भिंतीला भिंत, आणि मला पत्ताच नाही की त्यांचा श्रावण आमच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि पंधरा दिवस आधी संपतो! इथे कामाला आलेली तिच्या गावची सगळी माणसं राखीपासून अंड्यांची वाट बघत होती आणि मी टोपलीवर फडकं टाकून बसले होते.

आक्कांकडे गेले. म्हटलं, तुमच्या घरात शिजवत नाही, मागे शेवग्याखाली तीन विटा मांडते. त्या उठून मागे आल्या, शेवग्याखालची जागा पाहिली. मग म्हणाल्या, "शेवगा काय श्रावण पाळत न्हाई. कर."

पहिली दहा अंडी मी एकेक मोजून पाण्यात सोडली. आईने सगळ्या आयुष्यात एका वेळी दोनापेक्षा जास्त मोडली नसतील. रीनाने उकडलेली अंडी हळद लावून मोहरीच्या तेलात परतली, रस्सा मी केला, आईने दिलेला येसर मसाला घालून. माझा श्रावण, म्हणून मीठ रीनाने चाखलं. दुपारी सेकंड शिफ्टला निघालेली माणसं शेवग्याखाली उकिडवी बसून जेवली आणि दुसऱ्या दिवशी आणखी चौघांना घेऊन आली. भुर्जी झाली, अंडाभात झाला. अमावास्येला सकाळी मी रिकामी टोपली आक्कांसमोर पालथी करून दाखवली. अशी ऐट मी लग्नातही केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी श्रावण संपला आणि आक्का वाटी घेऊन दारात. "सगळ्या गल्लीला घातलंस, मला ठिवलंस का न्हाई?" घरात एकही अंडं नव्हतं. "मग बसते की, घालंल कवातरी," म्हणाल्या आणि बादली पालथी टाकून खुराड्यासमोर बसल्या. तासाभराने अंडं पदरात घेऊन उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "ऱ्हाऊदे तुज्या कोंबड्या."

दिवाळीला आई आली. मी तिला चार अंड्यांची पोळी वाढली. "एवढी कामून गं?" म्हणत तिने अर्धी माझ्या ताटात सारली. मी परत तिच्या ताटात टाकली. सगळी खाल्ली तिने, मान खाली घालून.

तोवर गावातला रोग सरला होता. निघताना वल्लभनगरच्या स्टँडवर मी तिच्या मांडीवर टोपली ठेवली. आत करडीची पणती होती, अगदी करडीच्याच रंगाची. खिडकीचा गज धरून म्हटलं, "लगेच अंडं मागू नको तिला." आई इतकी हसली की तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

तीन आठवड्यांनी फोन आला. हॅलोसुद्धा नाही. "घातलं गं," म्हणाली.

गावाकडचे विचारतात, आता तुझं घर कुठलं, इथलं की तिथलं? मी सांगते, दोन्हीकडे माझी कोंबडी अंडं घालते.