हवालदारांनी मला डावीकडे वळवलं

धुळ्याच्या पोलिस कवायत मैदानात मी पहिल्यांदा शिरले ती परवानगी घेऊन नव्हे, तर ब्रेक सापडला नाही म्हणून.

गोष्ट पंच्याऐंशी-शहाऐंशीची. बी.एड. होऊन सहा वर्षं घरात पापड लाटल्यावर मला शहरापासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात शिक्षिकेची नोकरी लागली. शाळा अकराला भरायची आणि एस.टी. तिथे पोचायची दुपारी एकला! "नसेल जमत तर राहू दे," हे म्हणाले. (हे वाक्य त्यांनी उच्चारलं नसतं, तर कदाचित मी राहूही दिलं असतं.) त्याच संध्याकाळी मी भावजयीची सायकल मागून आणली. वय चौतीस. हजर व्हायला पाच दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मागून सीट धरून पळत होते. मैदानाच्या फाटकाशी उतार लागला.

"सोडू नका हं!" मी ओरडले.

"नाही सोडत!" उत्तर आलं, पण फार लांबून!

आत नव्या भरतीची तुकडी कवायत करत होती. शिकवणाऱ्या महाजन हवालदारांनी मला पाहिलं आणि हुकूम सोडला, "थम!" चाळीस जवान जागच्या जागी थांबले. मी थेट हवालदारांच्या गुडघ्यावर जाऊन थांबले.

पोलिसाला धडक! आता बेड्याच! मी फाटकाकडे पाहिलं. हे भिंतीवरची बियाण्याची जाहिरात वाचत होते. इतकं मन लावून त्यांनी आमची लग्नपत्रिकासुद्धा वाचली नव्हती.

हवालदार गुडघा चोळत उठले. "बाई, निघाल्या कुठे होत्या?"

"नोकरीवर."

"आत्ता?"

"नाही. सोमवारी."

त्यांनी माझी सायकल उचलून उभी केली. मग म्हणाले, "या चाळीस जणांना डावा पाय कोणता ते मी शिकवलंय. तुम्हाला तर लिहिता-वाचता येतं. उद्या सहाला या."

घरी सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "पोलिसले पाडी दिन्हं तू? आते रिकामा हाते जाऊ नको, बाई!" आणि पहाटे उठून त्यांनी गुडघ्यासाठी आंबेहळदीचा लेप नि पोटासाठी कळण्याची भाकरी-ठेचा बांधून दिला. हवालदारांचं बिऱ्हाड गावाकडे. ते एकटेच राहत. लिंबाखाली बसून त्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडासुद्धा पुसून खाल्ला. "आक्कांना सांगा," ते म्हणाले, "दुसरा गुडघाही तयार आहे!"

शिकवणी जोरात सुरू झाली. "तेज चल!" म्हटलं की मी पायडल मारायची, "दाहिने मुड!" म्हटलं की उजवीकडे वळायची, "थम!" म्हटलं की पडायची. जो हसेल त्याने मैदानाला एक चक्कर, असा हवालदारांचा दंडक. दुसऱ्या दिवशी अख्खी तुकडी पळत होती. दोन्ही कोपरं सोलली, चपलेचा अंगठा तुटला. पण मी रोज सहाच्या ठोक्याला हजर. रविवारपर्यंत उजवं वळण आलं. डावं मात्र येईना.

सोमवारी निघाले. हमरस्त्याच्या चौकात डावीकडे वळायचं होतं. तिथल्या वाहतूक पोलिसाने मला पाहताच चारी बाजूंचे ट्रक थोपवून धरले. (महाजन हवालदारांनी त्याला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "निळ्या साडीतल्या बाई येतील. त्यांना थांबवू नको. त्यांना थांबता येत नाही!")

मी उजवीकडे वळले. मग परत उजवीकडे. उजवीकडेच वळत राहिलं की चौकातून बाहेर पडता येत नाही, हे मला तिथे कळलं! चौथऱ्यावरचा पोलिस माझ्याबरोबर गोल फिरत होता.

"बाई, जायचं कुठे?"

"डावीकडे!"

"मग जा ना!"

"येत नाही!"

ट्रकवाले केबिनमधून उतरून बघायला लागले. कुणीतरी चकरा मोजत होता. घरी परत जा, असं मन म्हणत होतं. पण घरसुद्धा डावीकडेच होतं! तेवढ्यात चहाच्या टपरीवरून ओळखीची आरोळी आली, "बाएं... मुड!" गुडघ्याला पट्टी बांधलेले महाजन हवालदार सकाळपासून तिथे उभे होते. माझं हँडल आपोआप डावीकडे वळलं. (चहा पिणारे दोन शिपाईही वळले.) मागे टाळ्या वाजल्या, पण मागे बघायला मला शिकवलेलं नव्हतं.

पुढचे दोन कोस मी दात-ओठ खात पायडल मारलं. साडेदहालाच शाळा दिसली. पण तिथे "थम!" म्हणायला कोण होतं? मी फाटकातून आत गेले, घंटेखालून गेले आणि शाळेमागे रचलेल्या कपाशीच्या काड्यांच्या ढिगात कमरेपर्यंत शिरले.

मुख्याध्यापकांनी मला ओढून बाहेर काढलं. केसांत काड्या, हातात नेमणुकीचं पत्र. त्यांनी ते पत्र वाचलं, मग मला वाचलं.

"वेळेत आलात, हे उत्तम," ते म्हणाले. "पण मराठी, इतिहास, भूगोल सगळे वाटून झालेत. तुमच्यासाठी एकच विषय उरलाय, बाई. शारीरिक शिक्षण."